चौसष्ट जीबीचं कार्ड

मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेचे भोंगे सुरू झाले की ती केस मला आजही आठवते. खून नाही, दरोडा नाही. कॅमेऱ्याची एक बॅग चोरीला गेली होती, एवढंच. पण माझ्या हातून उघडकीला आलेल्या गुन्ह्यांत हा एकच असा आहे, जो उघडकीला आला नसता तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा मी शहापूरच्या पोलीस ठाण्यात होतो. लग्नसराई नुकतीच सुरू झालेली. आटगावचा एक शूटिंगवाला, म्हणजे लग्नं, हळदी, जयंत्या यांचं व्हिडिओ शूटिंग करणारा, फिर्याद द्यायला आला. टपरीवर चहा पीत असताना मोटरसायकलला अडकवलेली त्याची बॅग कोणीतरी उचलली होती. आत कॅमेरा आणि काही मेमरी कार्डं. ठाणे अंमलदार लिहून घेत होते, तेवढ्यात त्याच्या मागोमाग आणखी दोघं आत आले. धसईकडची एक विधवा बाई, कडेवर मुलगी, आणि सोबत तिचा दीर.

"साहेब, याची फिर्याद घेऊ नका," दीर म्हणाला. "चोरी-बिरी काय झालेली नाय. माझ्या भावाचं कार्ड यानंच हरवलंय, नाय तर इकलंय."

मी तिघांनाही बसवलं. ठाण्यात एक गोष्ट मी लवकर शिकलो होतो. भांडणाऱ्यांना आधी पाणी द्यावं, मग प्रश्न विचारावेत. निम्मी केस पाण्यातच निवते.

हकीकत अशी होती. बाईचा नवरा मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला होता आणि भीमगीतं गायचा. शिकलेला गायक नव्हता, पण पंचक्रोशीत जयंती त्याच्याशिवाय होत नसे. लोकांच्या मोबाईलमध्ये त्याच्या दोन-दोन ओळी होत्या, त्याही शिट्ट्या-टाळ्यांत बुडालेल्या. त्या वर्षीच्या जयंतीला मात्र मंडळाने हा शूटिंगवाला बोलावला आणि त्याने साउंडवाल्याच्या मशीनमधून वायर थेट कॅमेऱ्याला जोडून पूर्ण कार्यक्रम घेतला. श्रावणात तो गायक काविळीने गेला. मुलगी तेव्हा रांगत होती. बाईने शूटिंगवाल्याकडे निरोप धाडले. हा बाबा "देतो, देतो" करत राहिला. लग्नाच्या सीडीसाठीही लोकांना वर्षभर लटकवणारी ही जमात, सगळ्यांना माहीतच आहे. शेवटी दोघं त्याच्या दारात आले, तर कळलं की बॅगच गेली.

"माझं दुसरं काय मागनं नाय," बाई म्हणाली. "हिला बापाचा आवाज तरी कळू दे."

मी गुन्हा दाखल केला. खरं सांगायचं तर मलाही शूटिंगवाल्याचाच संशय होता. पण त्याने कार्डाची खूण सांगितली, चौसष्ट जीबीचं, त्यावर बॉलपेनने 'जयंती' लिहिलेलं, आणि सांगताना तो रडकुंडीला आला. खोटं बोलणारा माणूस खुणा जास्त सांगतो. याने एकच सांगितली.

पुढे काही हाती लागलं नाही. टपरीवाल्याने काही पाहिलं नव्हतं. जुन्या मोबाईलच्या दुकानांत चौकशी झाली, तिथेही शून्य. बाई मात्र बाजाराला आली की ठाण्यात डोकवायची. "काय कळलं का, साहेब?" एवढंच विचारायची आणि "नाय" ऐकूनही न रागावता जायची. चोराला शोधतोय म्हटलं की तिला धीर यायचा. तो धीर कशाचा होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

पौषात म्हशाची जत्रा भरली. एका दुपारी दिराचा फोन आला. मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ.

"साहेब, लगेच या. भाऊ गातोय."

"कोण गातोय?"

"माझा भाऊ. स्टॉलवर. मी काय बोललो नाय त्याला, लांब उभा राहिलोय."

शाबास रे पठ्ठ्या, म्हटलं. दुसरा कोणी असता तर स्टॉलवाल्याची कॉलर धरून सगळा डाव घालवून बसला असता. मुरबाडच्या ठाण्याला कळवलं आणि साध्या कपड्यांत निघालो.

बैलबाजाराच्या कडेला गाणी भरून देणाऱ्यांचे स्टॉल लागतात. एक लॅपटॉप, एक भोंगा आणि कार्डांचा ढीग. माणूस आपलं कार्ड देतो, 'भरून दे' म्हणतो आणि बैल बघायला जातो. स्टॉलवाल्याच्या भोंग्यावर एक भरदार, थोडा खर्जातला आवाज लागला होता. एकच गाणं पुन्हा पुन्हा. दीर गर्दीत उभा राहून डोळे पुसत होता.

पंचांसमक्ष कार्ड ताब्यात घेतलं. 'जयंती' अक्षरं पुसट झाली होती, पण होती. स्टॉलवाल्याने विकणाऱ्याचं वर्णन दिलं. महामार्गावरच्या ढाब्यावर भांडी घासणारा एक जण होता. त्याच्या खोलीत कॅमेरा मिळाला. गुन्हा उघड, आरोपी अटकेत. सगळे खूश.

पंचांसमोर कार्डाची नक्कल काढून पाहिली, तेव्हा घोळ लक्षात आला. असा कॅमेरा लांबलचक शूटिंगचे तुकडे करून ठेवतो. कार्डात सगळ्या तुकड्यांची नावं होती, पुढे आकडेही होते. पण चालले फक्त पहिले दोन. हार घालणं, भाषणं, एक गाणं. पुढचे तुकडे उघडतच नव्हते.

मी ढाब्यावरच्या त्या चोराला समोर बसवलं. "बाकीची गाणी कुठे घालवलीस?"

"साहेब, कॅमेरा चोरला, कबूल. गाणी नाय चोरली."

मी आवाज चढवला. तो तेच म्हणत राहिला. मग स्टॉलवाल्याला धरलं. "तू यात दुसरी गाणी भरलीस आणि ही पुसलीस."

तो कार्डाकडे बघून म्हणाला, "यात कसली भरनार, साहेब? वर चौसष्ट छापलंय, आत आठचंच हाय ते."

"तुला काय माहीत?"

मान खाली गेली. "गेल्या जत्रेत मीच इकलेलं ना."

शूटिंगवाल्याला विचारलं, तर ते खरं निघालं. जागा जास्त, भाव कमी, म्हणून त्याने ते म्हशातूनच घेतलं होतं, आणि जयंतीनंतर ते एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

तरी मी खात्री केली. मूळ कार्ड सीलबंद ठेवून स्टॉलवाल्याकडचंच, त्याच छापाचं दुसरं घेतलं. शेजारी आमच्या सरकारी कॅमेऱ्यातलं अस्सल कार्ड. कॉम्प्युटरवरच्या शिपायाने दोन्हींत सारख्याच फाइली भरल्या. अस्सल कार्ड आमचा चहा संपेपर्यंत भरून झालं. नकली कार्डावरही वेगाचा तोच छाप होता, पण ते दुपारभर रखडत राहिलं. गंमत म्हणजे शेवटी तेही 'झालं' म्हणालं. सगळी नावं, सगळे आकडे जागच्या जागी. उघडून पाहावं तर आठ जीबीपुढे सगळं कोरं. भरलं म्हणायचं आणि ठेवायचं काहीच नाही. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला.

म्हणजे त्या रात्री तो गात होता, कॅमेऱ्याचा लाल दिवा जळत होता, शूटिंगवाला मन लावून शूट करत होता, आणि पहिल्या गाण्यानंतर काहीच कुठे उतरत नव्हतं.

आता हे बाईला सांगायचं होतं. हवालदार म्हणाले, "मी सांगू का, साहेब?" मी नको म्हटलं. तिने माझ्याकडून आशा ठेवली होती.

ती दिरासोबत आली. मी सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे चोरानं नाय नेली गानी?"

"नाही, बाई."

"पुसली पन नाय कोनी?"

"नाही. ती कार्डात कधी उतरलीच नव्हती."

तिने मुलीच्या केसांतून हात फिरवला. मग म्हणाली, "चोराकडं असती तर बरं झालं असतं, साहेब. कधी ना कधी घावली असती."

नोकरीत शेकडो फिर्यादी पाहिले. माल चोराकडेच असता तर बरं, असं म्हणणारी ही एकच. मला फार वाईट वाटलं आणि आजही वाटतं. तपास अर्धवट राहिला असता, तर कुठल्या तरी जत्रेत, कुठल्या तरी भोंग्यावर नवरा गातोय, या आशेवर ती जगली असती. ती आशा मी पुराव्यानिशी मोडली. खरं शोधून काढणं हे आमचं काम, पण ते सापडल्यावर कोणाच्या घरात काय विझतं, हे कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

कोर्टाच्या परवानगीने जेवढं होतं त्याची नक्कल तिला देता आली. ठाण्यातच एकदा लावून दाखवली. गाणं झालं, टाळ्या पडल्या. गायकाने कपाळ पुसलं, स्टेजच्या कडेला बघून हसला आणि माइकमध्येच म्हणाला, "पानी दे गो, घसा सुकला." तिथे चित्र थांबलं. पुढे काळा पडदा.

मुलगी पडद्याला हात लावून बघत होती. दीर तोंड फिरवून उभा होता. बाई मात्र अजून त्या काळ्या पडद्याकडेच पाहत होती. मग माझ्याकडे वळून, जणू जबाबच नोंदवायचा राहिला होता, अशी म्हणाली,

"दिलं होतं मी पानी, साहेब. त्ये यात नाय आलं."