डाळीचं पाणी आणि माझी शिकवणी

पुरणपोळी मला इतकी चांगली येते, की ती मला कुणाला शिकवता येत नाही. हा शोध मला साठीत लागला, आणि तोही विहिणीसमोर.

रायपूरच्या आमच्या मंडळात पुरणपोळी म्हणजे मी. पन्नास माणसांचं पुरण मी गप्पा मारता मारता शिजवते (गप्पा थांबल्या तर मात्र बिघडतं). त्यामुळे सुनेनं, हेमानं, फोन केला तेव्हा मी फुलूनच गेले. हेमा छत्तीसगढी घरातली. लग्नानंतर तिची आई पहिल्यांदाच मुला-सुनेच्या तेलीबांध्याच्या फ्लॅटवर जेवायला येणार होती. आपल्या नोकरीवाल्या पोरीला चहापलीकडे काही येत नाही, सासरी हिचं कसं होईल, ही त्या माउलीची जुनी काळजी. हेमाला ती त्या दिवशी कायमची मिटवायची होती.

"आई, पुरणपोळी मैं अकेली बनाऊंगी. आप बस बता दो."

"काही नाही त्यात. चण्याची डाळ शिजव, गूळ टाक, आटव, वाट, भर, लाट. झालं."

"बस, इतना?"

"हव. अजून काय पाहिजे?"

थोड्या वेळानं फोन. "आई, पतला है."

"आटव."

पुन्हा फोन. "आई, अभी भी पतला है."

"काहून घाई करून राहिली? आटव अजून."

मग मुलाचा, मंदारचा फोन. "आई, पुरण ढवळलं की आवाज येऊन राहिला."

"कायचा?"

"पाण्याचा."

"मिक्सरमधून काढा, घट्ट होते," असं ठोकून देऊन मी साडी बदलायला गेले. (मी जन्मात कधी मिक्सरमध्ये पुरण वाटलेलं नाही. पण तिच्याकडे पुरणयंत्र नसेल, एवढं सुचल्याबद्दल मी स्वतःवर खूश होते!)

जेवायला मीही होतेच. त्यांच्या लिफ्टपाशीच विहीणबाई भेटल्या. वर जाईपर्यंत मी त्यांना ऐकवलं, "आज देखना, आपकी बेटी के हाथ की पुरणपोळी. मैंने सिखाई है."

दार उघडलं. मिक्सरचं झाकण उडालं होतं. पुरण छतावर होतं, फ्रीजवर होतं, हेमाच्या भुवईवर होतं. जे पातेल्यात उरलं होतं ते पळीनं वाढण्यासारखं होतं.

"डाळीचं पाणी नाही काढलं काय?" मी विचारलं.

"कौन सा पानी?"

"अगं, डाळ शिजली की वरचं पाणी काढून घेतात. त्याची आमटी करतात. मग गूळ."

"आपने बोला नहीं था."

"ते काय सांगायचं असते?"

वाक्य तोंडातून निसटलं आणि मगच मला ऐकू आलं. विहिणीलाही आलं. हेमाचा चेहरा पार उतरला. जे सांगावंसुद्धा लागत नाही तेही हिला येत नाही, असा निकाल मी तिच्या आईसमोर देऊन मोकळी झाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विहीणबाईंनी पदर खोचला. "रोना नहीं, नोनी," असं लेकीला म्हणत त्यांनी पातेल्यात कणीक घातली, कढई चढवली आणि त्या गोड रश्श्याचे गुलगुले तळून काढले. मी पंख्याखाली बसून घाम पुसत होते.

ताटावर बसल्यावर त्यांनीच मला हात जोडले. "दीदी, इसको कुछ नहीं आता. आप सिखा देना."

"तिची चूक नाही," मी कशीबशी म्हणाले. "मैंने ही आधा बताया."

हेमाला माझी दया आली असावी. ती लगबगीनं आईला म्हणाली, "नहीं मम्मी, आई बहुत अच्छा सिखाती हैं. बस, बनाना पहले से आना चाहिए."

हे तिनं अगदी मनापासून, माझी बाजू घ्यायला सांगितलं. मी मान खाली घालून गुलगुला खाल्ला. अप्रतिम झाला होता. कणीक किती घातली, हे विचारायची मात्र माझी हिंमत झाली नाही. न जाणो, ते सांगायचं नसलं तर!