आप्पांच्या इंजिनातलं पाणी

थंडीतली सकाळ, लिंबाच्या आणि शेवग्याच्या बुंध्यांमधून जमिनीलगत सरकत येणारा वाफेचा पांढराशुभ्र पुंजका, आणि त्यातून हळूच बाहेर येणारं हातभर लांबीचं, तांब्या-पितळेचं इंजिन... खांडबाऱ्याचं माझं बालपण आठवायला बसलं की आधी हे दिसतं. मग वास येतात — तापल्या तेलाचा, कोळशाच्या धुराचा, मेथीच्या ओल्या मातीचा.

आप्पा म्हणजे माझे मोठे काका. त्यांची उभी हयात रेल्वेच्या इंजिन-शेडमध्ये फिटर म्हणून गेली. वाफेची इंजिनं भंगारात निघाली तेव्हा तेही घरी परतले. त्यांना मूलबाळ नव्हतं. आमचं गाव तापीकाठी, सारंगखेड्याच्या बाजूला. शाळेसाठी मला त्यांच्याकडे ठेवलं होतं. तीन वर्षं खपून त्यांनी ते इंजिन घडवलं. परसबागेला वेढा घालणारे लोखंडी पट्ट्यांचे रूळ, खाली सागाच्या तुकड्यांचे स्लीपर, आणि दर रविवारी त्या रुळांवरून, मेथीच्या वाफ्याला वळसा घालून, खरोखरीच्या विस्तवावर आणि खरोखरीच्या वाफेवर धावणारी दोन डब्यांची गाडी.

इंजिनाच्या पाठीमागे बोटाएवढी काचेची नळी होती. बॉयलरमध्ये पाणी किती उरलंय ते तिच्यात दिसे, आणि ते पाहणं हे माझं काम. आप्पा ओणवे होऊन विस्तवात कोळशाचे बारीक तुकडे सोडत आणि मान वर न करता विचारत, "पानी शे का, बेटा?"

"शे, आप्पा."

की ते गाडी सोडत. त्यांनी मला शिकवलं होतं — काठोकाठ भरलेली नळी आणि पार रिकामी नळी दिसायला सारखीच. म्हणून खालची चावी क्षणभर उघडायची, नळीतलं पाणी उतरून पुन्हा चढतं का ते पाहायचं. कोरड्या बॉयलरखाली विस्तव राहिला तर तांब्याचे सांधे सुटतात. मला हे पाढ्यांसारखं पाठ होतं.

त्या रविवारी चिंचपाड्याहून माझी मैत्रीण विमल आली होती. वर्गात मी इंजिनाच्या इतक्या बढाया मारल्या होत्या, की ती खास ते पाहायला आली, आणि दुपारच्या पॅसेंजरने तिला परतायचं होतं. गाडीच्या दोन फेऱ्या झाल्या. शिट्टी वाजवायची विमलची पाळी तेवढी राहिली होती. पाणी भरायचं म्हणजे विस्तव काढा, इंजिन निवू द्या, भरा, पुन्हा वाफ धरा... त्यात पॅसेंजर निघून गेली असती. आप्पांनी नेहमीसारखंच विचारलं. नळी स्वच्छ, चकचकीत, वरपासून खालपर्यंत एकसारखी दिसत होती. माझा हात चावीपर्यंत गेला. मग मी तो मागे घेतला.

"शे," मी म्हणाले.

आवाज मोठा झाला नाही. पिशवी फाटावी तसा काहीसा... आणि ओणव्या आप्पांच्या तोंडावर वाफ आली. ते ओरडले नाहीत. दोन्ही तळवे चेहऱ्यावर धरून ते मेथीच्या वाफ्यात मटकन खाली बसले. काकू धावत आली, शेजाऱ्यांनी जीप काढली, चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं. विमलही त्याच जीपमध्ये बसून गेली. मी तेवढी मागे राहिले. रिकाम्या परसात निवत चाललेलं तांबं टिक्... टिक्... करत होतं, आणि ते बंद होईपर्यंत मला तिथून हलता आलं नाही.

चेहरा बरा झाला. डावा डोळा झाला नाही. त्यावर दुधाची साय धरावी तसा पडदा कायमचा राहिला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आप्पा सांगत, "सांधा कच्चा ऱ्हायना. मन्हाच हातनं काम, दुसरं काय!" मी दाराआड उभी राहून ते ऐकत असे. खरं सांगायला रोज ओठ उघडत, आणि रोज मी शाळेला निघून जाई.

होळीनंतर इंजिन पुन्हा रुळांवर आलं. "ये बेटा, पानी दख," आप्पांनी हाक मारली. माझं पोट दुखतंय, मी म्हणाले. पुढच्या रविवारीही दुखलं, त्याच्या पुढच्याही... मग त्यांनी बोलावणं सोडलं. स्वयंपाकघरात बसून मी ऐके — आधी शिट्टी. मग एक थांबणं, बरोबर त्या प्रश्नाएवढं. आणि मग चाकं. जूनमध्ये मी नंदुरबारला वसतिगृहात गेले. ते थांबणं माझ्याबरोबर आलं. आजही कुठे इंजिनाची शिट्टी ऐकली, की पुढचा क्षण मला श्वास घेऊ देत नाही.

गेल्या श्रावणात आप्पा गेले. या हिवाळ्यात मी खांडबाऱ्याला गेले, तेव्हा काकूने जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं इंजिन माझ्यासमोर ठेवलं. नळीच्या मागे एक पत्र्याची पट्टी बसवलेली दिसली, तिच्यावर लाल रंगाच्या तिरप्या रेघा. पूर्वी ती नव्हती. मी तांब्याने थोडं पाणी ओतलं. नळीत पाणी जिथवर चढलं, तिथवरच्या रेघा पाण्यातून उलट्या बाजूला कललेल्या दिसू लागल्या. वरच्या होत्या तशाच राहिल्या. कितीही घाई असो, कितीही लहान मूल असो, आता चूक होणं शक्य नव्हतं. रंग कडेकडेने उडाला होता. जुना होता, माझ्या पोटदुखीच्या दिवसांतला...

काकू ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"काकू, त्या दिन मी पानी दखंच नही. तसंच सांगी दिधं."

तिचा हात थांबला नाही. "माले माहित शे. त्यास्नी दवाखानामाच सांगं. म्हने, पोरले काही बोलू नको. नही ते ती गाडीजवय येवाव नही."

काकूने शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. आम्ही दोघी सोलत बसलो, आणि ताटात हिरवे दाणे पडत राहिले.