पाण्याबरोबर चालणारे बोट

शरणप्पा कोटमाळे यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी माझे पती धम्मपाल लेख लिहिणार होते. जिल्हा नियोजनाच्या कचेरीत शरणप्पांच्या हाताखाली नकाशे काढण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षे गेली. यंदाच्या उन्हाळ्यात धम्मपाल गेले. संपादक मंडळींनी तो लेख माझ्याकडे मागितला तेव्हा मी आधी नाही म्हटले. मी हुमनाबादला प्राथमिक शाळेत शिकवते. प्रगतिपुस्तकावरच्या शेऱ्यापलीकडे लिहिण्याची मला सवय नाही. पण शरणप्पांच्या, म्हणजे आम्हा सर्वांच्या अप्पांच्या गौरवात आमच्या घराचा शब्द नसावा, हे मनाला पटेना.

अप्पांना मी पहिल्यांदा पाहिले ते पाठमोरे आणि गुडघ्यांवर. आमचे लग्न नुकतेच झाले होते. बसस्टँडमागे दोन खोल्यांचे भाड्याचे घर होते. जिल्ह्याचा मोठा नकाशा कचेरीतल्या टेबलावर मावत नसे, म्हणून अप्पा तो आमच्या बाहेरच्या खोलीत फरशीवर पसरत. दोन कोपऱ्यांवर ज्वारी आणि हरभऱ्याचे डबे, तिसऱ्यावर माझा वरवंटा, आणि चौथा कोपरा धम्मपाल हाताने धरून बसलेले. मी बाजारातून आले आणि दारातच उभी राहिले, कारण स्वयंपाकघरात जायला वाटच नव्हती. अप्पांनी मान न वळवताच सांगितले, "अक्का, हायवेनं या. औरादकून पाय टाकू नका, तिकडं शाई वली हाय."

मी पुणे-हैदराबाद रस्त्याच्या रेघेवरून पावले टाकत चुलीपाशी गेले. मागे दोघेही हसत होते. एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस आमच्या फरशीवर बसून चेष्टा करतो, याचेच मला नवल वाटले होते.

अप्पांचे काम काय होते, हे मला त्या फरशीवरच समजले. आपल्या भागात एका अंगाला तूर, ज्वारी, हरभऱ्याची काळी जमीन आहे. हायवेच्या कडेने कारखाने आणि लॉऱ्यांचे तळ आहेत. वरच्या तांबड्या माळापलीकडे राखीव रान आहे. नकाशावर शेतीला फिकट हिरवा रंग, रानाला गडद हिरवा आणि कारखान्यांना जांभळा. एका रंगाला जागा दिली की ती दुसऱ्या कुणाची तरी जाते. अप्पा म्हणत, "रंग द्यायला मिनिट लागतंय, काढायला पिढी जाती."

म्हणून त्यांनी एक रीत ठेवली होती. जांभळा रंग द्यायच्या आधी ते त्या जागेवर बोट ठेवत आणि तिथून निघणाऱ्या ओढ्याबरोबर ते बोट खाली नेत. वाटेत जे गाव लागेल त्याचे नाव धम्मपालांनी मोठ्याने सांगायचे. नाव उच्चारल्याशिवाय बोट पुढे सरकत नसे. कचेरीतले काही जण याला अप्पांची पूजा म्हणत. अप्पांना ते माहीत होते.

जिल्ह्याचा आराखडा नव्याने होत होता, त्या वर्षीची गोष्ट मला सांगायची आहे. हायवेलगत कारखान्यांसाठी मोठी जागा धरायची होती. जांभळा चौकोन पहिल्यांदा पडला तो ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गावाच्या शेतांवर. आकाशातून घेतलेला फोटो वैशाखातला होता. रब्बी निघालेली, नांगरट झालेली. काळी जमीन फोटोत मोकळी दिसली आणि मोकळी म्हणूनच नोंदली गेली. अप्पा पौषात तिथे जाऊन उभे राहिले तेव्हा ज्वारी त्यांच्या डोक्यावर गेली होती. त्यांनी चौकोन तिथून उचलला आणि शेजारच्या मुरमाड माळावर नेला. तिथे काही पिकत नव्हते. प्रश्न मिटला असे सगळ्यांना वाटले. आराखडा त्याच आठवड्यात बेंगळूरला जायचा होता आणि सहीसाठी वरून सारखे फोन येत होते.

त्या दिवशी आमच्या फरशीवर अप्पांनी माळावर बोट ठेवले आणि ओढ्याबरोबर खाली निघाले. धम्मपालांनी एक नाव सांगितले, दुसरे सांगितले. मग ते थांबले.

"पुढं?" अप्पांनी विचारले.

धम्मपाल हातातला कोपरा सरळ करत राहिले.

"गाव न्हाई का हितं?"

"हाय."

"मंग नाव सांगा की. कामून थांबलाव?"

"माझंच हाय, अप्पा."

आमची वाडी त्या ओढ्याच्या काठावर आहे. पिण्याची विहीरही काठालाच. माळावरचे पाणी उतरते ते तिथेच, कारखान्यांचे मैले पाणीही तिथेच उतरले असते. धम्मपालांना हे पहिल्या रेघेपासून माहीत होते. अप्पांनी विचारले, "आन बोलला न्हाई?" तेव्हा ते म्हणाले, "मी बोललो असतो तर नकाशा माझा झाला असता, जिल्ह्याचा ऱ्हायला नसता."

अप्पांनी बोट उचलले नाही. म्हणाले, "आता सही होत न्हाई." आणि वरवंटा बाजूला ठेवून नकाशा गुंडाळला.

पुढचे दिवस अवघड गेले. बदलीची भाषा झाली. आमच्या घरी अनोळखी माणसे येऊन 'साहेबांना समजवा' म्हणून गेली. सगळ्यात कठीण झाली ती वरच्या गावच्या शाळेतली सभा. लोकांना कारखाने हवे होते, आणि ते हवेसे वाटण्यात त्यांचे काही चुकत नव्हते. तरणी माणसे हैदराबादला जाऊन मिळेल ते काम करत होती. त्यांच्यातला रामण्णा उठून म्हणाला, "अप्पा, तुमी वढ्याला सांभाळायलाव. आमच्या पोटाला कोन बगनार?"

मागून दुसरा ओरडला, "नकाशावाल्याचं गाव खाली हाय म्हनं! म्हनून अडकलंय समदं!"

लोक हसले. धम्मपाल भिंतीशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली. मी बायकांमध्ये बसले होते. आता आपण इथून उठून कसे जायचे, एवढेच मला सुचत होते.

अप्पा म्हणाले, "व्हय, हाय त्याचं गाव. त्याचं हाय म्हनून मला कळलं. दुसऱ्या कुनाचं असतं तर मी नुसतं नाव ऐकून बोट पुढं नेलो असतो. ह्याची लाज मला वाटायलीय, त्याला कामून वाटावी?" मग रामण्णाकडे वळून म्हणाले, "तुझी अक्का कुठं दिलाव रे?"

रामण्णा चाचरला. "खालच्या वाडीतच की."

"मंग दिवाळीला तिला आनायला जाताना पानी घरून घिऊन जानार का?"

एक म्हातारी म्हणाली, "आन तिनं हिकडं येताना काय आनावं, घागर का फेस?" आता हसणे वेगळे होते. पण रामण्णा बसला नाही. तो म्हणाला, "हसा तुमी. पर कारखाना न्हाई आला तर मी हैदराबादलाच मरनार." यावर कुणी हसले नाही. अप्पांनी फक्त मान डोलावली.

मला वाटते, अप्पांनी पुढे जे केले ते रामण्णाच्या त्या वाक्यामुळे. त्यांनी माळावरचा जांभळा रंग पुसला नाही. चौकोन लहान केला, ओढ्याच्या दोन्ही कडांना रानापर्यंत झाडांचा पट्टा ठेवला आणि आराखड्यात अटी घातल्या. मैले पाणी शुद्ध करण्याचा हौद आधी, कारखाने नंतर. ओढ्याखालच्या प्रत्येक गावाचे नाव आराखड्यात राहील आणि त्या गावांना विचारल्याशिवाय काही बदलता येणार नाही. एवढे झाल्यावरच त्यांनी सही केली. त्यानंतर त्यांची बदली झालीच. सामान बांधताना ते धम्मपालांना म्हणाले होते, "बदली माझी झाली, वढ्याची न्हाई."

रामण्णा आज त्याच माळावरच्या कारखान्याची लॉरी चालवतात आणि आमच्या वाडीची विहीर आजही पिण्याची आहे. अप्पांच्या कामाबद्दल याहून जास्त काही सांगण्याची माझी पात्रता नाही.

त्यांच्या मायेविषयी मात्र सांगायला हवे. धम्मपाल कलबुर्गीला दवाखान्यात होते तेव्हा अप्पा या वयात, दुखऱ्या गुडघ्याने, बसने येत. 'कसे वाटते' असे त्यांनी एकदाही विचारले नाही. खुर्ची ओढून घेत आणि बसमधून काय दिसले ते सांगत. कमलापूरकडे केळी कशी आहेत, कुठे तूर वाळली, कुठल्या वळणावर नवीन ढाबा निघाला. धम्मपाल डोळे मिटून ऐकत आणि मध्येच म्हणत, "तिथं डाव्या बाजूला तळं हाय." अप्पा म्हणत, "हाय, हाय. पानी कमी हाय." त्या खोलीत मी दोघांना हसतानाही पाहिले.

धम्मपाल गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला अप्पा आले आणि माणसे पांगेपर्यंत चटईवर बसून राहिले. मग त्यांनी पिशवीतून नकाशा काढला. आराखडा पुन्हा बदलतो आहे, हे तेव्हा मला कळले. माळावरची जागा वाढवायची आहे आणि नव्या मसुद्यात ओढ्याखालच्या गावांची नावे नाहीत. 'अंतर जास्त' म्हणून ती गाळली आहेत. या ग्रंथाचा समारंभ झाला की पुढच्याच महिन्यात सुनावणी आहे. नावे गेली तर विचारायचे कुणाला, आणि हौदाची अट राहील की जाईल, हे आज कुणीच सांगू शकत नाही.

अप्पांनी नकाशा फरशीवर पसरला. मी डबे आणले, वरवंटा आणला. चौथा कोपरा वर वळत होता, तो मी धरला. त्यांनी माळावर बोट ठेवले. ते ओढ्याबरोबर थोडे खाली आले आणि थांबले. अप्पा माझ्याकडे पाहत नव्हते. ते वाट पाहत होते.

मी पहिल्या गावाचे नाव सांगितले. बोट पुढे सरकले. दुसरे सांगितले. मग आमची वाडी आली. तेही नाव मी घेतले.

"पुढं?" अप्पा म्हणाले.

पुढची गावे मला माहीत नव्हती. त्यानंतरच्या रविवारपासून मी ओढ्याकाठच्या गावांना जाऊन येते आहे. आता मला शेवटपर्यंतची नावे येतात. रामण्णा म्हणाले आहेत की सुनावणीला ते लॉरी घेऊन येतील, म्हणजे त्या गावांतल्या माणसांना आणता येईल. नोकरीचे काय व्हायचे ते होवो, असेही ते म्हणाले.

अप्पांना पंचाहत्तरीच्या शुभेच्छा देताना मी एवढेच मागते. त्यांचे गुडघे त्यांना फरशीवर बसू देवोत. त्यांची नजर शाबूत राहो. प्रकृती चांगली राहो आणि आयुष्य खूप मोठे असो. सुनावणीच्या दिवशी अप्पांनी फक्त बोट ठेवावे. नावे आम्ही सांगू.