उजव्या सीटचा भाव

आमची विमान कंपनी बंद पडली, पण ती बंद पडली असं कोणी म्हणालं नाही. 'उड्डाणं तात्पुरती स्थगित' असा एक कागद आला. चार महिन्यांचा पगार थकला होता, त्याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. दाखवायची वेळ आली तर दाखवता यावा म्हणून.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. खासगी विमान कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या होत्या आणि एकेक करून बसत होत्या. मी नेवासा तालुक्यातला. वडील घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल. हवाई दलात मेकॅनिक म्हणून भरती झालो, रजेत फ्लाइंग क्लबात जाऊन तास भरले, पुढे पिकांवर औषध फवारणारी विमानं उडवली आणि अडतिसाव्या वर्षी प्रवासी विमानाच्या डाव्या सीटवर बसलो. डावी सीट कॅप्टनची, उजवी को-पायलटची. मध्ये हातभर अंतर. ते ओलांडायला मला सोळा वर्षं लागली होती, आणि त्यात कोणाची चिठ्ठी नव्हती की वशिला नव्हता.

सावेडीतल्या आमच्या सोसायटीत लोक सकाळी स्कूटरला किक मारता मारता विचारायचे, "काय कॅप्टन, रजा लांबली?" मी म्हणायचो, "तुमची कमी पडते का?" पुढे विचारायचे बंद झाले.

बायको शाळेत शिक्षिका होती, घर तिच्या पगारावर चाललं होतं. तिचा भाऊ एका रविवारी आला. शिंगणापूरला भाविकांच्या जीप चालवण्याचा त्याचा धंदा.

"दाजी, शनिवारी तिथं पाय ठिवायला जागा नसती. माझी एक जीप चालवा की. इमानाचा कॅप्टन चालवतोय म्हनल्यावर लोक जादा पैसं देतील."

"आधी तुझ्या जीपला ब्रेक आहेत का बघ," मी म्हणालो.

तो हसला, पण त्याचं म्हणणं वाईट नव्हतं. मला राग त्याचा नव्हताच. पायलटचं लायसन्स कपाटात ठेवून टिकत नाही. ठरावीक मुदतीत उड्डाण झालं नाही तर पुन्हा चाचण्या, पुन्हा परीक्षा, आणि सगळा खर्च आपला. माझ्या मुदतीतले दोन महिने उरले होते. त्यात कुठल्यातरी कॉकपिटमध्ये बसलो नाही, तर मी जीपच चालवणार होतो.

तेवढ्यात मुंबईच्या एका नव्या कंपनीचं पत्र आलं. रात्रीच्या एसटीने गेलो. समोरचा अधिकारी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याने सांगितलं: उजवी सीट, सेवाज्येष्ठतेत शेवटचा नंबर, महिना अठ्ठावीस हजार, आणि तीन वर्षांचं बंधपत्र. आधी नोकरी सोडली तर प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यायचा. जुन्या कंपनीत मला ऐंशी मिळत होते.

"प्रशिक्षण कसलं?" मी विचारलं. "तुमचं विमान तेच आहे. माझ्या लायसन्सवर ते आधीच चढलेलं आहे. मी तुमच्या पोरांना शिकवीन."

"पॉलिसी आहे, सर. आणि बाकीचे कॅप्टन तयार आहेत. काही तर याहून कमीत."

आता घोडेगावच्या बाजारातली रीत सांगतो. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर उपरणं टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला कळत नाही. सौदा अडला की हात काढून घ्यायचा आणि चालू लागायचं. दहा पावलांत मागून हाक येते. लहानपणापासून ते पाहिलेलं.

मी फाइल उचलली आणि चालू लागलो. दारापर्यंत सावकाश गेलो. लिफ्टची वाट पाहिली, एक लिफ्ट मुद्दाम सोडली. कोणी हाक मारली नाही. मग खाली रस्त्यावर येऊन उन्हात उभा राहिलो आणि स्वतःला दोन शिव्या घातल्या.

गावी वडिलांना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले.

"आरं येड्या, तिथं तू दलाल हुता का?"

"मग कोण होतो?"

"बैल हुतास. बैल कधी बाजारातनं उठून जातो व्हय? गेला तर दुसरा बैल बघत्यात."

मी चिडून उठलो. त्यांनी खाली बसवलं.

"बाकीच्यांना काय भाव सांगितला, ते इचारलं का कुनाला?"

विचारलं नव्हतं. विचारणार कसा? कॅप्टन लोक पगार सांगत नाहीत. सांगितलाच तर वाढवून सांगतात. त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर आमच्या जुन्या कंपनीतले तीन कॅप्टन बसले होते. त्यातल्या सगळ्यात ज्येष्ठांनी मला विमान उतरवायला शिकवलं होतं. ते म्हणाले होते, "मला पन्नासच्या पुढे देतायत, बघतो." आणि मी मान हलवून म्हणालो होतो, "मलाही तेवढ्यातच." दोघंही साफ खोटं बोलत होतो.

"उपरनं कुनाच्या कामाचं आसतं, सांग," वडील म्हणाले. "इकत घेनाऱ्याच्या. शेजारच्या दावनीला काय भाव फुटला ते कळू नये म्हनून."

ज्येष्ठांना फोन करून मुलाखतींचा पुढचा दिवस कोणता ते काढलं आणि न बोलावता गेलो. बाकावर तेच तिघं होते, इस्त्री केलेले शर्ट, मांडीवर लॉगबुकं. मी उभा राहिलो आणि रिसेप्शनवरच्या मुलीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मला अठ्ठावीस हजार सांगितलेत. उजवी सीट. तीन वर्षांचं बंधपत्र. तुम्हाला किती?"

तिघंही जमिनीकडे बघायला लागले. माझ्याइतकंच त्यांनाही उघडं पडल्यासारखं झालं असणार. मी पुन्हा विचारलं.

"हळू बोल रे," ज्येष्ठ म्हणाले. मग आवाज उतरवून, "अठ्ठावीसच. म्हणजे... सव्वीस."

"सर, तुम्ही पन्नास म्हणाला होतात."

"तूही म्हणालाच होतास, गाढवा."

दुसऱ्याला सत्तावीस सांगितले होते, तिसऱ्याला चोवीस. आणि प्रत्येकाला सांगितलं होतं की बाकीचे याहून कमीत तयार आहेत. तिसरा तर खिशात पेन घेऊन सही करायलाच आला होता.

आम्ही चौघं एकदम आत गेलो. अधिकारी म्हणाला, "एकेकाने या." मी म्हणालो, "एकेकाने येऊन झालं." आवाज चढला, टेबलावर हात आपटला तो मीच. आमचं मागणं साधं होतं: सगळ्यांना अठ्ठावीस, आणि बंधपत्र नाही, कारण शिकवण्यासारखं तुमच्याकडे काही नाही. डाव्या सीटबद्दल कोणी बोललं नाही. ती गेलेली होती, हे चौघांनाही माहीत होतं.

दहा दिवसांत त्या तिघांना पत्रं आली, हे मला रिसेप्शनवरच्या मुलीकडून कळलं. अठ्ठावीस, बंधपत्राविना. मलाही आलं. अठ्ठावीस, बंधपत्रासह. टेबल आपटल्याची शिक्षा असावी. तिघांपैकी एकाचाही फोन आला नाही, ज्येष्ठांचासुद्धा नाही. ती गोष्ट मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

बायको म्हणाली, "अहो, मुदतीला तीन आठवडे राहिलेत. करा सही."

मी सही केली. बंधपत्राच्या कलमावर आधी आडवी रेघ मारली, रेघेशेजारी तारीख टाकली आणि पत्र रजिस्टर पोस्टाने परत पाठवलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या आठवड्यात मी खरोखर शिंगणापूरला जाऊन मेहुण्याची जीप चालवून बघितली. ब्रेक बरे होते.

मुदतीला सहा दिवस उरले असताना त्या अधिकाऱ्याचा फोन आला. "सोमवारी हजर व्हा." कलमाबद्दल तो बोलला नाही, मीही बोललो नाही. मूळ कागदावर माझी रेघ आहे आणि त्यांचा शिक्का आहे.

त्या सोमवारी मी खांद्यावर कॅप्टनच्या चारऐवजी तीन पट्ट्या लावून उजव्या सीटवर बसलो. डावीकडचा कॅप्टन माझ्याहून बारा वर्षांनी लहान होता. त्याने अवघडून विचारलं, "सर, तुम्ही आधी कमांडवर होतात ना?"

"होतो. आता अठ्ठावीस हजारांत उजवीकडे आहे. तुला किती देतात?"

त्याने दाराकडे पाहिलं. नेमणुकीच्या पत्रात शेवटची ओळ होती, पगार कोणालाही सांगू नये. तिच्यावर रेघ मारायचं माझ्याकडून राहून गेलं होतं, पण ती मी एक दिवसही पाळली नाही.

"सर, हे विचारत नाहीत," तो म्हणाला.

"म्हणूनच विचारतोय. सांग."

त्याने सांगितलं.