फ्रिजवरचं चुंबक

बाळांनो, तुम्ही तिकडे जुनी स्पोर्ट्स कार बघताय असं कळलं, म्हणून आजच लिहिते.

नव्वदच्या दशकात तुमचे आजोबा अशाच एका पिवळ्या, दोन दारांच्या गाडीवर भाळले. काय काय तपासायचं याची मी आकडे घालून यादी केली. राजारामपुरीतल्या आमच्या मेकॅनिकने ती वाचलीसुद्धा नाही. "वैनी, फ्रिजवरचं चुंबक द्या," म्हणाला. गाडीभर फिरवलेलं चुंबक डाव्या दारावरून टपकन पडलं. "हितं पत्रा न्हाय, नुसती पुट्टी हाय!"

मग बॉनेटवर हात ठेवून तो विकणाऱ्याला म्हणाला, "पावणं, इंजिन तापवूनच आणलंसा व्हय? गरम इंजिन खोड लपवतंय, गार झाल्यावर बघू की." आणि तासभर कट्ट्यावर बसून राहिला.

चक्कर मारायला आजोबा सरसावले, तर त्याने अडवलं. "सायेब प्रेमात हायती, त्यास्नी खडखड ऐकू यायची न्हाय. मी चालवतो. वैनी, तुम्ही शेजारी बसून ऐका."

जोतिबाच्या घाटात मी खडखड ऐकायची सोडून प्रत्येक वळणावर ओरडत होते, "अजून जोरात!"

परतल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "इंजिन झकास हाय, दार मी बदलतो. पण आता तुम्ही दोघंबी कामातनं गेलासा!"

गाडी अजून आपल्या अंगणात आहे. चुंबक डाव्या दारावर घट्ट चिकटतं.