न चिडणाऱ्या ताई

ऑफिसात सगळे त्यांना ताई म्हणायचे. वयाने मोठा असलेला साहेबसुद्धा ताईच म्हणायचा, कारण ताई म्हटलं की काम सांगायला सोपं जातं. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींचं टेबल त्यांच्याकडे होतं. नळाला पाणीच येत नाही, येतं ते गढूळ येतं, मीटर नुसता पळतोय, मीटर जागचा हलत नाही, असलं काय काय घेऊन माणसं यायची, टेबलावर हात आपटायची, आणि ताई ऐकून घ्यायच्या. हे ऐकून घेणं त्यांच्या गळ्यात पडलं ते योगामुळे.

झालं असं, की ताई बरीच वर्षं रविवारी सकाळी ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये योगाच्या वर्गाला जायच्या. हे साहेबाला कळलं. एकदा वरच्या ऑफिसातून पाहुणे आले तेव्हा त्याने ताईंना पुढे केलं आणि सांगितलं, "या आमच्या ताई. योग करतात. यांना चिडलेलं कुणी पाहिलं नाही." ताईंना तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला बोला, मूठभर मांस चढलं अंगावर. तिथेच घात झाला. त्या दिवसापासून चिडायचा हक्क ऑफिसात सगळ्यांना होता, एक ताई सोडून.

त्यांची चांगली खुर्ची कुणीतरी पळवली आणि बसल्या बसल्या खाली जाणारी खुर्ची त्यांना दिली. "तुम्हाला काय ताई, तुमची पाठ ताठ." एसीचं तोंड त्यांच्या डोक्यावर वळवलं. "तुम्हाला काय, तुम्हाला सवय असेल." मायक्रोवेव्हमध्ये कुणाचं तरी उतू जायचं आणि पुसायच्या ताई. शेजारच्या टेबलावरचा क्लार्क तर नमुनाच होता. दिवसभर फोन स्पीकरवर टाकून मेहुण्याशी गप्पा मारायचा आणि ऑफिस सुटायच्या वेळी स्वतःची फाइल ताईंच्या टेबलावर सरकवून म्हणायचा, "ताई, जरा बघा ना." त्याचं नावच जराबघा पडलं होतं. त्या नावाने हाक मारली तर ओसुद्धा द्यायचा, इतका निगरगट्ट.

आणि ताई बघायच्या. आत नुसता जाळ व्हायचा, कानशिलं तापायची, पण तोंडावर हसू. आपण योग करतो ना, मग चिडून कसं चालेल, असं त्यांना खरंच वाटायचं. लोकांनी दिलेली पदवी स्वतःच सांभाळत बसायची, याला काय म्हणावं.

त्या रविवारच्या वर्गाचाही आता त्यांना कंटाळा आला होता. सर चांगले होते, पण गाडी एकाच रुळावरून. ताडासनाने सुरू करायचं, शवासनाने संपवायचं, मधला क्रमसुद्धा कधी बदलला नाही. "सर, पुढचं काही?" असं ताईंनी विचारलं की सर म्हणायचे, "घाई काय आहे?" घाई नव्हती कशी? पन्नाशी उलटून गेली होती. त्या टेबलावर बसून लोकांच्या शिव्या खाता खाता रिटायर व्हायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यांना श्वासाचं शास्त्र नीट शिकायचं होतं, मग शिकवायचं होतं. मुदतीआधी नोकरी सोडायची आणि चार बायका समोर बसवून आपला वर्ग सुरू करायचा, एवढंच मनात होतं. हे त्यांनी फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "कर की." त्याचा तेवढा आधार पुरे होता.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक बाई प्राणायाम शिकवतात असं त्यांना कळलं. वर्ग संध्याकाळी सहाला. पुष्कळ दिवस वाट पाहिल्यावर ताईंना तिथे जागा मिळाली. या बाईंची रीत वेगळी. सहा वाजले की दाराला आतून कडी. मग बाहेर कुणीही येवो, कडी निघायची नाही, कारण आत सगळे डोळे मिटून बसलेले. बाई फारसं बोलायच्या नाहीत. एकेकाच्या मागे येऊन बसायच्या, पाठीवर बरगड्यांच्या खाली तळहात ठेवायच्या आणि श्वास कसा येतो-जातो ते पाहायच्या. ताईंच्या पाठीवर तो हात पडला की त्यांना रडू यायचं. दिवसभरात त्यांच्याकडे लक्ष देणारं तेवढं एकच माणूस होतं.

पण कडी पडायच्या आत पोचणं म्हणजे दिव्य. कधी जराबघाची फाइल, कधी निघता निघता साहेबाची मीटिंग. कितीदा तरी ताई धापा टाकत जिना चढून गेल्या आणि बंद दारासमोरच्या पायरीवर बसून परत आल्या. तरी टिकून राहिल्या. मग एक दिवस बाईंनी सांगितलं, "मी मुलीकडे राहायला चालले आहे, कायमची. हा वर्ग पुढे चालवायला तुमच्यातली एक निवडीन. पुढच्या गुरुवारी सगळ्यांना बसवून पाहीन." आणि उठताना ताईंजवळ थांबून हळूच म्हणाल्या, "तुम्ही वेळेवर या."

ताईंना त्या आठवड्यात झोप लागली नाही. सोमवारीच त्यांनी साहेबाला गाठलं. "साहेब, गुरुवारी मी पाचला निघणार. महत्त्वाचं काम आहे." साहेब मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "हो हो, जा की ताई." बुधवारी त्यांनी पुन्हा आठवण केली. पुन्हा हो हो.

गुरुवारी ताईंनी टेबल आवरलं, ड्रॉवरला किल्ली लावली, पर्स खांद्याला अडकवली. तेवढ्यात जराबघा एका गृहस्थांना घेऊन आला. गृहस्थ तांबडेलाल झाले होते. त्यांच्या घरी आठवडाभर पाणी नव्हतं आणि ऑफिसने या टेबलावरून त्या टेबलावर नाचवून त्यांची दुपार घालवली होती.

"ताई, जरा बघा ना. हे फार तापलेत."

"मी निघालेय. तुम्ही बघा."

"मला नाही जमत हो असलं. तुमचं कसं, तुम्ही योग करता."

गृहस्थ ओरडायला लागले तसा साहेब केबिनमधून बाहेर आला. आल्या आल्या गृहस्थांना म्हणाला, "बसा, आमच्या ताई बघतील." ताई म्हणाल्या, "साहेब, मी दोनदा सांगितलं होतं."

"अहो, पाच मिनिटं. आणि चाललात कुठे, योगालाच ना? मग इथेही योगच आहे समजा."

सगळे हसले. जराबघा तर पोट धरून हसला. आणि ताईंचं काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी पर्स टेबलावर ठेवली आणि बोलायला लागल्या. आवाज चढवला नाही. पण पार दारातल्या शिपायापर्यंत ऐकू गेलं.

"मला राग येतो. रोज येतो. सकाळी तुमचं तोंड दिसलं की येतो, साहेब. तुम्हाला सही कुठे करायची तेसुद्धा मी दाखवायचं, आणि पाहुण्यांपुढे मिरवायलाही मीच. आणि हा, हा माणूस पगार घेतो आणि काम माझ्याकडून करून घेतो. याच्या मेहुण्याच्या घरात काय शिजतंय ते सगळं मला पाठ आहे. माझी खुर्ची कुणी नेली तेही मला माहीत आहे. मी गप्प बसले ती शांत आहे म्हणून नाही. मला चिडायची लाज वाटायची म्हणून. आता नाही वाटत."

तापलेले गृहस्थच आधी भानावर आले. "मी उद्या येतो ताई," म्हणाले आणि गेले. ताईंनी पर्स उचलली आणि त्याही गेल्या.

बस मिळाली. जिना चढल्या तेव्हा दार उघडं होतं. आत जाऊन त्या जागेवर बसल्या, डोळे मिटले. पण छाती धडधडत होती. श्वास ओढायला जावं तर अर्ध्यात ठेचकाळायचा. एरवी जमणारं सगळं विसरल्यासारखं झालं. साहेबाचं ते हसणारं तोंड काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. पाठीवर बाईंचा तळहात आला, थोडा वेळ राहिला आणि उचलला गेला. त्या उचलण्यातच ताई काय ते समजल्या.

बाईंनी एका शाळामास्तरणीला निवडलं. सगळे गेल्यावर ताई मागे थांबल्या. "बाई, आज ऑफिसात भांडण झालं. मी एरवी अशी नसते."

"राग घेऊन आलात तुम्ही," बाई मायेने म्हणाल्या. "दुसऱ्यांना शिकवायचं तर आधी स्वतः निवांत व्हावं लागतं."

"भांडले नसते तर पोचलेच नसते."

बाई नुसत्या हसल्या. त्यांचं घर खालच्याच मजल्यावर होतं. मुलं मार्गी लागलेली, जन्मात कुणाच्या हाताखाली काम केलेलं नाही. त्यांना निवांत व्हायला काय जात होतं? मास्तरणीच्या वर्गात जाऊन बसणं ताईंना जमलं नाही, आणि रविवारच्या सरांकडे परत जायलाही पाय उचलेना.

ऑफिसात मात्र जादू झाली. चांगली खुर्ची आपण होऊन जागेवर आली. जराबघा फोनवर कुजबुजून बोलू लागला आणि त्याची फाइल नव्या लागलेल्या मुलीच्या टेबलावर सरकू लागली. तिला आता सगळे "गोड मुलगी" म्हणतात. सुटायची वेळ झाली की साहेब स्वतः येऊन सांगतो, "ताई, निघा तुम्ही." ताई निघतात. इतक्या लवकर घरी येतात की नवरासुद्धा कामावरून आलेला नसतो. मग कपाट आणि पलंगाच्या मधे सतरंजी टाकून त्या बसतात. बोलून टाकल्यापासून छातीतलं काहीतरी सुटलंय. श्वास लांब, सावकाश, कुठेही न अडखळता चालतो, बाईंना हवा होता अगदी तसा. पण आता पाठीवर हात ठेवून बघायला कुणी नसतं.