पाणपोईजवळचा न हललेला माणूस

फोटोवाल्याच्या घरात सून म्हणून आले आणि माझा फोटोवरचा विश्वास उडाला. राहुरीत एसटी स्टँडसमोर यांचा स्टुडिओ होता. खाली राहायच्या दोन खोल्या. वर माडीवर मोठी खिडकी, हंसांचं तळं रंगवलेला पडदा आणि फोटो धुवायची अंधारी खोली. तिथे काळी माणसं गोरी कशी होतात, आणि वारलेले आजोबा नातवाच्या लग्नाच्या फोटोत येऊन कसे बसतात, हे मी रोज बघत होते. त्यामुळे बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आदल्या साली माझ्या नणंदेसाठी देवळाली प्रवऱ्याचं स्थळ आलं आणि सोबत मुलाचा फोटो आला, तेव्हा मी मुलाच्या तोंडाकडे बघितलंच नाही. त्याच्या कडा तपासल्या.

"हा कापलाय," मी म्हटलं.

"कुणाला कापलाय?" आत्याबाई दचकल्या. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो.

"मुलाला. ब्लेडनं कापून बंगल्यापुढं चिकटवलाय. केस बघा, टोपी घातल्यासारखे. बंगल्याच्या खांबांची सावली डावीकडे पडलीय आणि ह्याला सावलीच नाही. हा माणूस त्या बंगल्यापुढे कधी उभाच राहिलेला नाही."

"मग आपण दिवसभर दुसरं काय करतो?" हे म्हणाले. "एकट्याचा फोटो नसेल त्याचा. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातनं काढला असेल."

यांना सगळ्याचं सरळ उत्तर सापडायचं, म्हणून माझा यांच्यावरही संशय होता. वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथा वाचून मी तेव्हा निम्मी फौजदार झाले होते. उरलेली निम्मी मूर्ख होतेच, ती जन्मापासूनची.

नणंदेचं मात्र खरंच अडलं होतं. आधी दोन ठिकाणची माणसं पोहे खाऊन गेली होती आणि निरोप धाडायला विसरली होती. आत्याबाईंच्या माहेरचा एक बिजवर होता, चाळिशीचा, दोन लेकरांचा. आत्याबाईंनी ठरवलं होतं की देवळालीचं जमलं नाही तर बिजवराला होकार कळवायचा. नणंद हे सगळं ऐकायची आणि ज्वारीतले खडे वेचत राहायची. फक्त बिजवराचं नाव निघालं की ज्वारीसुद्धा खड्यांबरोबर बाहेर पडायची.

मध्यस्थ म्हणाले, "पोहेबिहे मागनं. आदी पोरगा बाजारात येईल, लांबनं बघंल. पोरीला सांगू नका, न्हाईतर ती मान वर करायची न्हाई." ही तेव्हाची रीतच होती. बाजारात, देवळात, जत्रेत मुलगी बघून घ्यायची आणि पसंत पडली तरच घरी यायचं.

"कुठं उभा राहणार?" मी दाराआडून विचारलं.

"स्टँडच्या आसपास. निसतं तेवढंच. जागा सांगितली तर तुमीच टक लावून बसताल, सूनबाई."

म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहे, हे मी लगेच ताडलं.

अडचण अशी की आठवडे बाजाराच्या दिवशी स्टँडवर सगळे पांढऱ्या टोप्यांचे. त्यातून एक अनोळखी माणूस ओळखायचा कसा? फोटोतल्या तोंडावर पेन्सिलीनं इतकं काम केलेलं होतं की त्यावर कोण भरवसा ठेवणार? तेव्हा मला यांची एक करामत आठवली. कॅमेरा तिपायीवर घट्ट बसवायचा आणि मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन एकाच जागेचे दोन फोटो घ्यायचे. एका फोटोची फिल्म उलटी, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, तशीच ठेवायची. दुसऱ्या फोटोची आणखी एका फिल्मवर छापून सुलटी करायची. मग दोन्ही एकावर एक ठेवून उजेडाला धरायच्या. जे जागचं हललं नाही ते एकमेकाला खाऊन टाकतं, सगळं राखाडी होतं. जे हललं तेवढंच उरतं, आणि तेही दोनदा, आधी होतं तिथे आणि मग गेलं तिथे.

"मुलगी पुढे गेली की बघायला आलेला माणूस तिच्या मागे जाणारच," मी यांना म्हटलं. "बाकीची गर्दी पुसून टाका. मागे सरकलेला तेवढा आपल्याला सापडेल."

"आणि सरकला नाही तर? जो हलत नाही तो यात दिसत नाही."

"तुम्ही मला बघायला आला होतात तेव्हा किती वेळा मान हलवलीत, मी मोजलंय."

यावर यांनी कॅमेरा खिडकीत बसवला.

बाजाराच्या दिवशी आत्याबाई नणंदेला घेऊन कासाराच्या पालापाशी गेल्या. भाजी आणायला म्हणून निघालेल्या मुलीला त्यांनी नवं पातळ नेसवलं होतं, आणि वर ती ओळखणार नाही अशी आम्हा सगळ्यांची खात्री. मी वर माडीच्या खिडकीत पडद्याआड. ती बांगड्या भरायला बसली तेव्हा एक फोटो झाला, उठून मेथीवाल्या बाईकडे गेली तेव्हा दुसरा.

दुपारी यांनी दोन्ही फिल्म एकावर एक ठेवून माझ्या हातात दिल्या. मी त्या खिडकीच्या उजेडाला धरल्या. स्टँडची इमारत, झाडं, पालं, बसलेली माणसं, सगळं राखेत बुडाल्यासारखं. त्या राखेतून एक निघालेली बस, एक कुत्रं, दोन आत्याबाई, दोन नणंदा. आणि एक छत्रीवाला. आधी कासाराच्या पालामागे, मग मेथीवालीच्या पाठीशी. पोट सुटलेला, मिशा झुपकेदार, पन्नाशीला टेकलेला.

"हाच," मी म्हटलं. "आता कळलं फोटो का कापला ते. तोंड कुणाचं, अंग कुणाचं."

आत्याबाईंनी फिल्म उलटसुलट करून पाहिली. "ह्यो? ह्यो तर बिजवरापरीस म्हातारा हाय." मग त्या जरा थांबल्या. "आपला बिजवर निदान वळखीचा. उद्या माणूस धाडते."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की माझ्या फौजदारीनं नणंदेला कुठे नेऊन सोडलं. पण ती दारात उभीच होती, हातात मेथीची जुडी.

"वहिनी, तो नव्हता," ती म्हणाली. "पाणपोईच्या खांबाला टेकून उभा होता तो."

"तुला कसं ठाऊक?"

"तुम्ही फोटोच्या कडा बघत बसला होतात. मी तोंड बघून ठेवलं होतं."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला काय सांगितलं होतं? भाजी आणायला चल."

यांनी दोन्ही फोटो साध्या कागदावर छापले. पहिल्यात पाणपोईच्या खांबाला टेकलेला एक उंच मुलगा. दुसऱ्यातही तोच, त्याच खांबाला, एक पाय तसाच दुमडलेला. दोन्ही फोटोंत इतका सारखा की फिल्म एकावर एक येताच तो स्वतःलाच खाऊन बसला होता. हे माझ्याकडे बघत होते. बोलले असते तर परवडलं असतं.

पण संशयी माणसाला एक दार बंद झालं तर दुसरं असतंच. "मुलगी समोरून जाते आणि हा दगडासारखा उभा? पायात खोट आहे," मी म्हटलं. आत्याबाईंना ते पटलं. पटणारच, दोन स्थळांनी पोळलेल्या होत्या. माणूस धाडायचा थांबला खरा, पण फक्त मुलगा चालताना बघेपर्यंत.

देवळालीहून पसंतीचा निरोप आला आणि चार-पाच दिवसांत ते घरी आले. मध्यस्थ, मुलाचे वडील, मुलगा, आणि मागून दारात छत्री मिटत मुलाचे मामा. मी पोह्यांचं ताट घेऊन तिथेच खिळले. झुपकेदार मिशा त्याच.

पोहे झाल्यावर मध्यस्थांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "पोरी, जरा चालून दाखव."

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "चाल बघितली आमी बाजारात."

"आम्हीही तुमची बघितली, मामा," मी म्हटलं. "मुलाची तेवढी राहिली."

मुलाला चालायला सांगणारी वहिनी आमच्या गावात तोवर झाली नव्हती. मुलाच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. आत्याबाई माझ्याकडे नाही, मुलाच्या पायांकडे बघत होत्या. मुलगा उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला. डावा पाय चक्क उचलून टाकत.

मी जिंकले होते, आणि कुणालाच त्याचा आनंद नव्हता. नणंदेचा चेहरा उतरला. तरी विचारलं तिनंच, खालमानेनं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पायाला काय झालंय?"

"नवी चप्पल," तो म्हणाला. "बाजाराच्या दिवशी चावली. मामा म्हनले, तिथं लंगडताना दिसलास तर लोक कायबी उठवतील, पोरगी हातची जाईल. हलू नको. म्हनून मी हललोच न्हाई."

"अरे, हे सांगायचं असतं का," मामा पुटपुटले.

आत्याबाई लोकांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायच्या नाहीत, डोळ्यांसमोरच्या टाचेवर ठेवायच्या. त्यांनी त्याला सरळ खाटेवर बसवून पाय पुढे करायला लावला. टाचेला रुपयाएवढा फोड, फुटून लाल झालेला. त्यांनी बोटानं कडेनं दाबून पाहिलं. तो कळवळला. कळ खरी होती.

"तेल-हळद लावली न्हाई का कुनी?"

"न्हाई."

नणंद उठून आत गेली. ती रडायला गेली असं मला वाटलं, म्हणून मी मागोमाग गेले. ती पळीत तेल घेऊन चुलीवर धरत होती.

"वहिनी, हळदीचा डबा द्या," ती म्हणाली. "आणि आता त्याच्यावर नवा संशय काढू नका. निदान तेल कोमट होईपर्यंत."

बिजवराकडे माणूस गेला तो नकार घेऊन. लग्न उन्हाळ्यात दारातच झालं. फोटो यांनीच काढले, एकही कापला नाही. मी मात्र सप्तपदीच्या वेळी बायकांना कोपरानं ढकलून पुढे गेले आणि जावयाच्या पायांवरच नजर लावून बसले. सातही पावलं सरळ पडली. तरीसुद्धा संध्याकाळी मी मामांना बाजूला घेऊन विचारलंच, चप्पल नक्की कुठल्या दुकानातली होती.